साखरबाईची खूण

“बॉडी कुठंय?” दारातूनच हवालदार मानसिंगांनी विचारलं.

“बॉडी ही काय, बसलीया की,” म्हातारी दगडाबाई म्हणाली आणि तिने पाटावरच्या साखरबाईकडे बोट दाखवलं. साखरबाईने दोन्ही तळवे उघडे धरले होते. मधोमध एकेक भोक, आणि रक्त कोपरापर्यंत ओघळलेलं.

“ही तर जित्ती हाय.”

“मग? म्या फोनवर सांगितलं, कळंबात साखरबाईकडं येशूची खून दिसली. गर्दी लई हाय, बंदोबस्त द्या.”

कळंबच्या बाजूला ‘ण’ हे अक्षर शाळा तपासणीच्या दिवशी तेवढं बाहेर काढतात. ‘दिसली’ या क्रियापदावरून ठाण्यात ओळखायला हवं होतं. पण खुनाच्या वर्दीत लिंग कोणी तपासत नाही.

गुड फ्रायडेला चर्चमध्ये फादरांनी एका संताची हकीकत सांगितली होती. त्याच्या तळहातांवर म्हणे प्रभूच्या जखमा आपोआप उमटल्या. प्रार्थनेला सगळ्यांनी हात वर केले, आणि साखरबाईच्या तळव्यांतून रक्त गळालं. आदल्या संध्याकाळी कालवण अळणी झालं म्हणून नवऱ्याने, आबाजीने, तिच्यावर दाताळं उगारलं होतं. तोंड वाचवायला तिने हात पुढे केले. दाताळ्याचे लोखंडी दाते आरपार गेले. एकवीस वर्षांत बरगड्या झाल्या होत्या, कान झाला होता. तळवे तेवढे राहिले होते.

दारू उतरल्यावर आबाजीला काही आठवत नसे. त्यामुळे चर्चमध्ये तिच्या पायावर सर्वांत आधी तोच पडला. बिशपांचं उत्तर येईपर्यंत गप्प राहा, असं फादर म्हणाले. गाव गप्प राहिलं नाही. तेव्हापासून सात शुक्रवार दाराशी रांग लागत होती. आबाजी पूर्वीएवढीच पीत होता, पण तिला बशीने चहा पाजत होता. देवाच्या माणसावर हात टाकायची त्याची छाती नव्हती. त्याला रोमन शिपाई लागतात.

मानसिंगांनी दगडाबाईला बाहेर काढलं आणि एक तळवा उजेडात धरला.

“कडा जुनी, रगात ताजं. मावशी, मी पोस्टमार्टेमला उभा ऱ्हायलेला मानूस हाय. कोन करतंय हे?”

“पयलं त्यांनी. म्होरचं माझं मी. भरत आलं की गुरवारी दाताळ्यानं उकरायचं.”

“येड लागलंय का तुमास्नी?”

“सायब, ही खून हाय, म्हनून तो खून झाला न्हाय.”

मानसिंगांनी वही उघडली. “तक्रार द्या मग.”

“दिली तर त्यास्नी आत किती दिस ठेवाल?”

मानसिंगांनी वही मिटली. इतक्यात शेजारची नवी सून छकुली आत आली. माघात लग्न झालेली. पदर ओठांवर दाबून धरलेला. साखरबाईच्या गुडघ्यावर डोकं टेकून ती पुटपुटली, “काकी, मलाबी यील का खून? मी रोज मागती.”

तिच्या डाव्या हाताला चिंधी गुंडाळली होती.

“हे काय गं?”

“आपसुक यीना. म्हनून खिळ्यानं वाईच…” ती थांबली. “आरपार गेला न्हाय पर. लई जोर लागतो का काकी?”

साखरबाईने दातांनी चिंधीची गाठ सोडली. तळव्यात खिळ्याचा गंज होता. पदर सरकला होता. वरचा ओठ उभा फाटलेला होता. साखरबाई बराच वेळ त्या ओठाकडे बघत राहिली.

“सायब, लिवा.”

“काय?”

“दाताळं. गुड फ्रायडेच्या आदला दिस, सांजची येळ. आबाजीनं मारलं.”

एकवीस वर्षांत नवऱ्याचं नाव तिने तोंडातून काढलं नव्हतं. आबाजी दारात येऊन उभा राहिला. हातात बशी होती.

“आबाजीनं,” तिने त्याच्याकडे बघत परत सांगितलं. “आन् म्होरची भोकं माझी, तीबी लिवा. खून-बिन काय न्हाय. ह्या पोरीला आधी इंजेक्शान द्या, मग तिचं लिवा.”

मानसिंगांनी सगळं लिहून घेतलं आणि वही पुढे केली. तिच्या बोटांत पेन राहिना. अंगठा घ्यावा म्हणून ते खिशात शाईची डबी शोधू लागले.

साखरबाईने ओला अंगठा कागदावर टेकवला. डबी लागली नाही.