पापणीतलं बूच

सखूबाईचे डोळे चुलीच्या धुरानं गळतात असं घरात सगळे धरून चालले होते. मग गॅस आला, तरी ते गळतच राहिले. सकाळी पापण्या चिकटलेल्या, दुपारी डोळ्यात माती गेल्यासारखी चुरचुर, आणि जरा वारा सुटला की पाण्याची धार. पदराचं एक टोक कायम ओलं असायचं. बाई सोसणाऱ्यातली. पंचवीस वर्षं मेंढरांमागं उघड्यावर काढलेली. डोळ्यांचं गाऱ्हाणं घेऊन दवाखान्याची पायरी चढावी, हे तिच्या मनाला शिवलंसुद्धा नाही.

आणि दोन हजार दोन सालच्या दिवाळीनंतर ते गळके डोळे भलत्याच कामाला आले.

तिचा एकुलता एक मुलगा रविराज रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला होता. खुटबावहून चौफुला, न्हावरा करत मोटरसायकलनं जायचं, जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटरच्या वर. त्या आठवड्यात थर्ड शिफ्ट करून येताना न्हावऱ्याच्या अलीकडे त्याचा डोळा लागला आणि गाडी कालव्याच्या चारीत गेली. कोपर सोलवटण्यावर निभावलं. कंपनीची बस शिरूरपर्यंत यायची. शिरूरला दोन खोल्या घेतल्या की हा जिवाचा खेळ संपला असता. त्यानं जेवताना विषय काढला.

"आई, मी म्हनतो, रुपालीला घिऊन शिरूरला ऱ्हावं का? सुट्टीला येत जाऊ."

सखूबाईनं मान वर केली. दार उघडं होतं, बाहेर वारा होता, डोळे आपल्या नेमानं गळत होते. रविराजनं ते पाणी बघितलं आणि हातातला घास ताटात ठेवला.

"ऱ्हाऊ दे. न्हाई जात. तू रडू नको."

ती रडत नव्हती. तसं सांगायला तिनं तोंड उघडलंही होतं. पण एवढी मोठी गोष्ट इतक्या स्वस्तात मिटलेली तिनं जन्मात पाहिली नव्हती. तिनं तोंड मिटलं आणि पदर डोळ्याला लावला.

तिला नावं ठेवणं सोपं आहे. नवरा कोंडिबा होता तोवर तिचं घर घोड्याच्या पाठीवर असायचं. आज या शिवारात तळ, उद्या त्या. मग मेंढरं विकून जमीन घेतली, चार भिंती उभ्या केल्या, आणि भिंतींचा गिलावा वाळतो न वाळतो तोच कोंडिबा गेला. आयुष्यात पहिल्यांदा डोक्यावर पत्रा आला, तर आता त्याच्याखालची माणसं चालली. एकटीपुरती भाकरी थापायची या विचारानंच तिच्या पोटात गोळा उठायचा. तो गोळा अगदी खरा होता. डोळ्यातलं पाणी तेवढं त्याचं नव्हतं.

पण गावाला एवढं बारीक निवडायला सवड कुठं असते? शेजारच्या भामाबाईनं ओट्यावर बसलेल्या सखूबाईला चार वेळा डोळे पुसताना पाहिलं आणि निकाल देऊन टाकला. "सुनेला शिरूरला जायची घाई झाली हाय. म्हातारीला रडवून रडवून घालवनार बगा." भामाबाईच्या तोंडून निघालेली गोष्ट वेशीबाहेर जायला एक दुपार पुरायची.

सून रुपाली भांडगावची. बारावी झालेली, बोलायला कमी, बघायला जास्त. तिनं बघितलं ते असं, की आत्यांच्या डोळ्यातून धार लागते तेव्हा नाक वाहत नाही, आवाज कापत नाही, आणि हातातला लसूण सोलणं थांबत नाही. असं रडणं तिनं कुठं पाहिलं नव्हतं. जानेवारीत तिनं सासूला रेल्वेच्या शटलमध्ये बसवलं आणि दौंडला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी सखूबाईची हनुवटी मशीनवर टेकवली, डोळ्यात उजेड टाकला, पिवळा रंग लावला आणि पापणी मिटू नका म्हणून आकडे मोजले. चारच्या पुढं आकडा गेला नाही; तोवरच डोळ्यावरचा पिवळा थर फाटला होता. मग खालच्या पापणीची कड बोटानं दाबली, वरची दाबली, आणि मागं सरकून म्हणाल्या, "मावशी, तुमचे डोळे कोरडे आहेत."

"कोरडं?" सखूबाई म्हणाली. "बाई, पदर पिळून दावू का?"

डॉक्टरीणबाई हसल्या. त्यांना हे रोजचंच असावं. "लोणच्यावर तेल कशाला ठेवता? तसंच आहे हे. पापणीच्या कडेला सुईच्या टोकाएवढी भोकं असतात, त्यातून तेल झिरपतं. ते डोळ्यातल्या पाण्यावर पसरतं म्हणून पाणी टिकतं. तुमची भोकं बुजलीत. पाणी लगेच उडतं, डोळा चुरचुरतो, आणि चुरचुरला की धो धो पाणी येतं. ते गालावर जातं, डोळा पुन्हा कोरडाच."

"म्हंजी हे रडनं न्हवं?" रुपालीनं विचारलं.

"छे हो. आजार आहे."

त्यांनी पुन्हा पापणी दाबली आणि कापसाच्या काडीवर आलेलं दाखवलं. तेलासारखं पातळ यायला हवं होतं. आलं होतं पांढरं, घट्ट, ट्यूबमधून पेस्ट यावी तसं.

सखूबाईनं ते ओळखलं. नवी व्यालेली मेंढी कोकराला पाजेना झाली की आधी तिचा सड बघायचा. सडाच्या तोंडाला असंच मेणाचं बूच बसलेलं असतं. कास गरम फडक्यानं शेकायची, मग सड वरून खाली ओढायचा. बूच सुटलं की दूध येतं. गार सड ओढला तर मेंढी लाथ घालते आणि बूच जागचं हलत नाही. हे तिला कुणी सांगायला नको होतं. अशी शेकडो बुचं तिच्या अंगठ्यानं काढली होती.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेही शब्दाला शब्द तेच. सकाळ-संध्याकाळ गरम टॉवेलनं दहा मिनिटं शेक, मग वरची पापणी वरून खाली आणि खालची खालून वर बोटानं दाबत आणायची, पापणीची कड धुवायची, काजळ बंद. महिनाभर गोळ्या, दिवसातून चार वेळा थेंब. "दोन-तीन महिने नेमानं करा. शेक गरम पाहिजे हं, गार झाला की उपयोग नाही."

घरी आल्यावर रुपालीनं नवऱ्याला सगळं सांगितलं. रविराजनं आईकडं बघितलं. "खरं का गं?" सखूबाई म्हणाली, "डाक्टर म्हनत्यात तसं." डोळ्यातून धार चालूच होती. ती खोटं एक अक्षर बोलली नव्हती, याचं तिला स्वतःलाच कौतुक वाटलं.

रुपाली रोज पहाटे टॉवेल उकळत्या पाण्यात बुडवायची, पिळायची, मनगटाच्या आतल्या बाजूला लावून चटका बघायची आणि सासूच्या हातात द्यायची. "दे, मी घेते माजी," म्हणून सखूबाई मधल्या खोलीत जायची, दार लोटायची, आणि टॉवेल मांडीवर ठेवून त्याची वाफ जाईपर्यंत बसून राहायची. गार झाला की दोन्ही डोळ्यांवर ठेवायचा. दाबायचं नाही. गोळ्या पत्र्याच्या डब्यामागं. काजळ तर देवाच्या कोनाड्यातच होतं, ते ती नेमानं घालायची. मेंढीचं बूच कसं निघतं हे जिला ठाऊक, तिलाच ते कसं निघत नाही हेही ठाऊक.

यात तिला सुख होतं असं नाही. डोळे आगीनं फुटायला यायचे. दुपारी सुईत दोरा जाईना, तांदळातला खडा दिसेना. पण पोरगं घरात होतं.

फेब्रुवारी गेला, मार्च आला. औषधानं उतार पडेना, तसं गावाचं मत पक्कं झालं. भामाबाई म्हणाली, "दौंडची डाक्टरीन हारली. म्हंजी दुखनं डोळ्याचं न्हाईच, काळजाचं हाय. आन् ही पोरगी म्हातारीला आजारी ठरवाया निघालीया." रविराजलाही ते पटलं. तो बायकोशी तुटक बोलायला लागला. रुपाली उलट बोलली नाही. एकदा तिनं टॉवेल परत घेतला तो गार, आणि घडीसुद्धा न मोडलेला. तिनं सासूच्या तोंडाकडं पाहिलं, घडीकडं पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून टॉवेल आणखी कडक गरम येऊ लागला. सुनेला कळलंय हे सासूला कळलं.

पाडव्यानंतर एका सकाळी भांडगावहून सोपानराव आला. रुपालीचा बाप. पिशवीत गुळाची ढेप, डोक्याला जुनं लाल पागोटं. रविराज फर्स्ट शिफ्टला गेला होता. सोपानराव बाजल्याच्या अगदी कडेवर टेकला. चहा आला तो त्यानं बाजूला सरकवला. भामाबाई विरजण मागायच्या निमित्तानं दारात येऊन उभी होतीच.

"विहीणबाई," सोपानराव म्हणाला, "भांडगावात समदं कानावं आलं. पोरगी मीच वाढवली, तवा चूक माजीच. तुमच्या डोळ्यातलं पानी न्हाई बगवत. पदरात घ्या आन् माफ करा." असं म्हणत त्यानं दोन्ही हातांनी डोक्यावरचं पागोटं काढलं आणि तिच्या पायाशी ठेवायला वाकला.

त्याच्या टाळूवर पांढरे विरळ केस होते. सखूबाईला आपला बाप दिसला. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी लांडग्यानं एक मेंढी नेली, दोष नव्या सुनेवर आला, आणि बाप तळावर येऊन तिच्या सासूच्या पायाशी असाच वाकला होता. त्या दिवशी राखणीला ती नव्हतीच. तेव्हा खरं कोण बोललं? कुणी नाही. बापाचं उघडं डोकं तिला चाळीस वर्षांत विसरता आलं नव्हतं.

तिनं पागोटं मधल्या मध्ये दोन्ही हातांनी धरलं.

"आदी डोक्याला घाला, पाव्हनं. घाला म्हनते ना!" तिचा आवाज चढला होता. "रुपाले, टावेल आन. चांगला कडक आन."

टॉवेल आला. सखूबाई सगळ्यांसमोर भिंतीला टेकून बसली, तो वाफाळता टॉवेल डोळ्यांवर दाबून धरला. दहा मिनिटं हात खाली घेतला नाही. रुपालीनं मध्ये एकदा टॉवेल बदलला. मग सखूबाईनं अंगठ्यानं खालच्या पापणीची कड दाबत आणली, सड ओढावा तशी, पण हलक्या हातानं. टॉवेलच्या टोकानं कड टिपली आणि ते टोक पुढं केलं. त्यावर पांढरं घट्ट काहीतरी होतं.

"ह्ये बगा. भामे, तूबी बग, म्होरं ये. ह्ये रडनं न्हाई, बूच हाय. दवा लागू पडली न्हाई कारन मी ती घेतच न्हवते. शेक गार करून लावत व्हते. पोरगं जाऊ नये म्हनून." तिनं रुपालीकडं बोट केलं. "पोरीचं काय चुकलं न्हाई. चुकलं माजं."

सोपानरावानं पागोटं डोक्याला घातलं आणि गार झालेला चहा प्यायला. भामाबाई विरजण न घेताच गेली. रुपाली टॉवेल धुवायला मोरीवर गेली, आणि तिथं बराच वेळ नळ वाहत राहिला.

रविराज संध्याकाळी घरी आला तसं सखूबाईनं त्यालाही तेच सांगितलं, त्याच शब्दांत. त्यानं रुपालीकडं बघितलं. मग म्हणाला, "मंग आमी जावं?"

"डोळं बरं झालं की जावा," ती म्हणाली. आणि या खेपेला शेक खरा घेतला.

दोन महिने रुपालीनं स्वतःच्या हातानं पापण्या दाबल्या. वरची खाली, खालची वर. आधी पेस्टसारखं यायचं, मग दाटसर, मग मे महिन्याच्या अखेरीला कडेवर बारीक चकाकणारा थेंब दिसला, खाण्याच्या तेलासारखा निर्मळ. दौंडच्या डॉक्टरीणबाईंनी पुन्हा आकडे मोजले, या वेळी नवापर्यंत गेले. "शेक आठवड्यातून दोन-तीनदा चालू ठेवा," म्हणाल्या. सखूबाईला तांदळातले खडे दिसायला लागले. पदराचं टोक वाळलं.

जूनच्या पहिल्या रविवारी दारात टेम्पो उभा राहिला. बाजलं, गॅसची शेगडी, पत्र्याची पेटी, दोन गोधड्या. रविराज दोरी आवळत होता आणि दर गाठीला आईच्या तोंडाकडं बघत होता. सखूबाई ते ओळखून होती. आता एक टिपूस जरी आलं, तरी हा दोरी सोडून सामान परत आत आणेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. या वेळचं रडू अगदी अस्सल होतं. डोळे आता बरे झाले होते. ती सांगेल तसे वागत होते. तिनं त्यांना सांगितलं, न्हाई. ते कोरडे राहिले.

"सांबाळून जा," ती म्हणाली. "गाडी हळू चालीव."

रुपाली पाया पडायला वाकली ती उठेचना. उठली तेव्हा तिचं तोंड लाल झालेलं, नाक वाहतंय, हुंदके आवरेनात. सात महिने जिनं हूं की चूं केलं नव्हतं, ती टेम्पोत चढेपर्यंत रडत होती. सखूबाईनं तिच्या हातात एक घडी केलेला टॉवेल दिला, तोच. "पूस तोंड," म्हणाली.

टेम्पो वळणाआड गेला. भामाबाई ओट्यावर उभी होती. तिनं सखूबाईच्या डोळ्यांकडं निरखून पाहिलं, मग दोन बायांकडं वळून, ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "बगितलं का? येवडं पोटचं पोर गेलं, हिच्या डोळ्यात टिपूस न्हाई. आन् ती सून बिचारी रडून रडून ऱ्हायली. काय सासुरवास केला आसंल हिनं, देव जाने."

सखूबाईनं ते ऐकलं. खुलासा करायला तिच्याकडं सगळं होतं: दौंडचा कागद, गोळ्यांची पाकिटं, सोपानरावाची साक्ष. पण सुनेनं हेच ओझं पाच महिने मुकाट्यानं वाहिलं होतं.

"व्हय बाई," ती म्हणाली, "केला थोडा." आणि एकटीपुरती भाकरी थापायला आत गेली.