माझ्या मुठीतला खळगा

संध्याकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती, तेव्हा मला फळीवरून काढून एका मुलीच्या हातात तिच्या आईने दिलं. मी तिच्या बाबांची, एका गवंड्याची थापी बोलतेय.

नवी होते तेव्हा माझी लाकडी मूठ अगदी सरळ होती. रोज सिमेंट ओढता ओढता त्यांच्या अंगठ्याने तिच्यात खळगा पाडला. मग एक दिवस ते बांधकामाच्या उंच परांचीवरून पडले. त्या संध्याकाळी मी घरी आले, ते आले नाहीत.

मुलीचा दुसऱ्या दिवशी इंग्रजीचा पेपर होता. आई शिकवत होती, पण आपलंच चुकेल म्हणून घाबरलेली.

"ऐक गं बाई. हाताला लागतं ते काँक्रीट नाउन. नुसतं मनात असतं ते ॲबस्ट्रॅक्ट."

"काँक्रीट म्हणजे बाबांचं काम ना?"

"ते वेगळं! घोळ घालू नकोस, आधीच माझं डोकं फिरलंय. ही थापी?"

"काँक्रीट."

"भीती?"

"ॲबस्ट्रॅक्ट. पण तुझ्या हाताला लागते ती. थरथरतोय बघ."

"शहाणीच आहेस! बरं, फादर?"

मुलीने मला उलटंपालटं करून पाहिलं. मग म्हणाली, "ॲबस्ट्रॅक्ट."

"अगं, माणूस काँक्रीटच असतो. मार्क जातील ना!"

"मग लावू दे मला हात."

 आईने मुलीचा अंगठा धरून माझ्या खळग्यात ठेवला. "इथे दाब."

केवढासा तो अंगठा! चहूबाजूंनी जागा उरली. तरी तिने दाबून धरला.

"काँक्रीट," ती हळूच म्हणाली.

तेवढ्यात काका आले, बाबांचे धाकटे भाऊ. तेही गवंडीच. त्यांची थापी तुटलेली, मला न्यायचं आधीच ठरलं होतं.

"वहिनी, मूठ पार झिजलीय हो हिची. उद्या नवी बसवून घेतो."

आई चहा ठेवायला आत वळली. मुलीने एकेक बोट सोडलं.

आता मी काकांच्या पिशवीत आहे. मी कितीही ओरडले तरी त्यांना ऐकू जात नाही. ते वाईट नाहीत हो, त्यांना माहीतच नाही. तुम्हाला कुठे भेटले तर एवढा निरोप द्या: पातं खुशाल बदला, मूठ तेवढी राहू द्या. पोरीला अंगठा ठेवायला दुसरी जागा नाही.