एकसष्ट की एकोणसाठ

संग्रहालयाच्या तळघरात मी तीस वर्षं कवट्या सांभाळते आहे. धाकटी बहीण पाहुण्यांसमोर "ताई सरकारी नोकरीत आहे" एवढंच सांगते. पुढचं सांगितलं तर माणसं हातातला चहाचा कप खाली ठेवतात.

या कवट्या कुणी आपण होऊन दिलेल्या नाहीत. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आमच्या सैन्यानं समुद्रापलीकडचा मुलूख घेतला, जे उलटले त्यांची मुंडकी छाटली, आणि इथल्या कुणा विद्वानाला डोकी मोजायचा नाद होता म्हणून ती पेट्यांत भरून इकडे पाठवली. विद्वान मेला, नाद संपला, डोकी राहिली. त्याचं स्वतःचं डोकं कुणी तपासलं असतं तर फार बरं झालं असतं.

आता ती परत द्यायचं ठरलं. पहिली जाणार होती एकसष्ट नंबरची, कारण नोंदवहीत नाव असलेली ती एकटीच. बाकीच्यांपुढे नुसतं 'अज्ञात'. न्यायला त्या माणसाचा पणतू येणार असं कळलं आणि माझी झोप उडाली. कारण एकसष्ट लिहिलेली कवटी खरंच एकसष्टची आहे का, हे मला माहीत नाही. माहीत नाही हेसुद्धा फक्त मलाच माहीत होतं.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी कवट्यांना बांधलेल्या कागदी चिठ्ठ्यांना कसर लागली, म्हणून नंबर थेट हाडावर शाईनं लिहायचे ठरले. तेव्हाचे साहेब चिठ्ठी सोडवून नंबर वाचायचे, मी लिहायची, चिठ्ठी केराच्या टोपलीत. साहेबांना सर्दी झाली होती आणि माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. ते 'एकोणसाठ' म्हणाले असणार, मी 'एकसष्ट' ऐकलं. शेवटी मी एकटीनं मोजदाद केली तर एकसष्ट दोन, एकोणसाठ एकही नाही. टोपली तोवर जाळून झाली होती. माझी नोकरी कायम व्हायची होती, पाचावर धारण बसली. स्पिरिटचा बोळा घेतला, एका कपाळावरचा आकडा पुसला आणि तिथं एकोणसाठ लिहिलं. कुठल्या कपाळावरचा, तर जे हाताला जवळ होतं त्याच्यावरचा.

मग झाकली मूठ सव्वा लाखाची. इतक्या वर्षांनी विचारायला कोण येणार होतं?

पणतू यायच्या दिवशी सकाळी मी आत्ताच्या साहेबांकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. तपासणी करता येईल, म्हणाले. दोन्ही कवट्यांचा एकेक दात, पणतूचं रक्त, परवानग्या, प्रयोगशाळा. दीड वर्ष तरी धरा.

"लेखी द्या, आत्ता थांबवतो," ते म्हणाले. "लेखी नसेल तर मी काही ऐकलेलं नाही."

मी तिथंच उभ्यानं अर्धं पान लिहिलं, खाली सही केली. पण ते साहेबांना देण्याआधी त्या माणसाला तोंडानं सांगावं, एवढी तरी लाज शिल्लक होती. कागदाची घडी मुठीत धरून मी खाली आले.

पणतू म्हणजे अठ्ठ्याहत्तर वर्षांचा म्हातारा. जन्मभर गवंडीकाम केलेला, आता चाकाच्या खुर्चीत, नाकात नळी, मागे ऑक्सिजनचं नळकांडं. सोबत मुलगी, ती नर्स होती. मी तोंड उघडायच्या आत तिनं मला बाजूला घेतलं. डॉक्टरांनी प्रवासाला साफ नाही म्हटलं होतं. फुप्फुसं सिमेंटनं खाल्ली होती. गावी खड्डा तयार होता, कवटी आणि बाबा दोघांना पुरेल एवढा, आणि त्याची कडेची वीट बाबांनी बसून स्वतः लावली होती. मी विचारलं, अजून दीड वर्ष थांबावं लागलं तर? तिला माझा प्रश्नच कळेना.

"मॅडम, ते परत घरी पोचतील का, एवढंच मी बघतेय."

तोवर म्हाताऱ्यानं कवटी मांडीवर घेतली होती. हातमोजे घाला म्हणायची कुणाची छाती झाली नाही. तो तिच्या कपाळावरून अंगठा फिरवत होता. आमच्या घरात सगळ्यांची कपाळं अशीच, पुढं आलेली, म्हणाला. मी त्याचं कपाळ पाहिलं, कवटीचं पाहिलं. दोन्ही कवट्या शेजारी ठेवून मी वर्षानुवर्षं बघत आले होते. मला काही म्हणता काही कळत नव्हतं.

मग तो सांगायला लागला. त्याच्या आजीच्या वडिलांना नेलं तेव्हा ती सहा वर्षांची होती. नेणारा अधिकारी वाकून तिला गोड आवाजात म्हणाला होता, संध्याकाळी आणून सोडतो. ती ऐंशीची झाली तरी दिवेलागणीला कुणाला दाराची कडी घालू देत नसे. एवढं बोलून त्याला धाप लागली. मुलीनं नळी नीट केली, तरी त्याची नजर माझ्यावरच.

"कागद तुमच्याच लोकांनी लिहिलेत, त्यांचं मला सांगू नका," तो म्हणाला. "तुम्ही इतकी वर्षं यांच्याजवळ बसलात. तुम्ही सांगा बाई. हेच ना?"

सही केलेला कागद माझ्या मुठीत होता. मुलगी फरशीकडे बघत होती.

"हेच, काका," मी म्हणाले.

तो लहान पोरासारखा रडला. माझा हात त्यानं ओढून घेतला आणि आपल्या कपाळाला लावला, मुठीतल्या कागदासकट.

पाच आठवड्यांनी मुलीचं पत्र आलं. बाबा गेले, शांतपणे गेले, दोघांना एकाच खड्ड्यात शेजारी ठेवलं. तुमचे उपकार कसे फेडू, असं लिहिलं होतं. ते वाचून मी तळघरातल्या जिन्यावर बसून राहिले. आता खरं सांगायचं तर त्या पोरीला बापाची माती उकरायला सांगावं लागेल.

एकोणसाठचा खण मी रोज उघडते. त्याला न्यायला कुणी येणार नाही. त्याची माणसं कदाचित येऊन गेली, आणि मी दुसराच कुणीतरी त्यांच्या मांडीवर दिला.