चारचौघांतला टेलिफोन

मित्रांनो, वनमालाताईंच्या कपाटावर, विणलेल्या रुमालाखाली बसलेला हा जडशीळ काळा प्राणी म्हणजे मी, एक जुना टेलिफोन. तुम्ही माझ्या तबकडीच्या भोकांत बोटं घालून खिदळता. खिदळा बापडे! पण एके काळी मुलुंडच्या या इमारतीत माझा असा रुबाब होता की, मी वाजू लागलो की बायका उतू जाणारं दूधसुद्धा विसरायच्या.

माझा जन्म बंगळूरच्या कारखान्यातला. ताई महापालिकेच्या दवाखान्यात परिचारिका होत्या. अर्ज करून त्यांनी इतकी वाट पाहिली की, मी घरात येईपर्यंत त्यांच्या केसांत चांदी चमकू लागली. त्यांनी मला हळदकुंकू वाहिलं, पेढे वाटले, आणि दुसऱ्याच दिवसापासून मी त्यांच्या एकटीचा उरलो नाही. साऱ्या इमारतीने माझा नंबर आपापल्या सोयऱ्यांना देऊन टाकला. लग्नपत्रिकेवरही तो छापून येई, पुढे ‘पी.पी.’ लिहून. म्हणजे फोन शेजाऱ्यांचा, निरोप आमचा.

त्यातून एक रीत पडली. फोन ज्याचा त्याने घ्यायचा, पण ऐकायचा सगळ्यांनी. ताईंचं दार सताड उघडं असे आणि उंबरठ्यात गर्दी. अशा चारचौघांत रडगाणं कोण गाणार? म्हणून इकडून ‘खुशाल’, तिकडूनही ‘खुशाल’. लोक मला शाबासकी देत, पण आतून मला बरं वाटत नसे.

खालच्या मजल्यावर शिवदासभाऊ राहत. विक्रोळीच्या एका कारखान्यात कामाला होते. बायको द्रौपदी, मुलगी रतन आणि मुलगा चंद्रप्रकाश. हा चंद्रप्रकाश शिष्यवृत्ती मिळवून १९८३ साली अमेरिकेला शिकायला गेला, तेव्हा इमारतीने त्याला हार घालून निरोप दिला होता.

पुढच्याच वर्षी एका रविवारी सकाळी त्याचा फोन आला. भाऊ दाढीचा साबण तसाच ठेवून धावत वर आले.

“बाबा, इथे मला शिकवण्याचं काम मिळालंय. पगारातून कर कापतात. तरी मित्र म्हणतात की, वर्षाचं विवरण सरकारला वेगळं द्यावं लागतं. इथला रहिवासी की परदेशी, त्यावर फॉर्म ठरतो म्हणे. काय करू?”

भाऊंनी उंबरठ्यातल्या गर्दीकडे एकवार पाहिलं आणि छाती फुगवली. “अरं, पगारातून कापला ना? मग विषय संपला! आमचा कारखाना दर महिन्याला कापतो, मी कधी काय भरलंय? तू अभ्यास कर.”

“बरोबर बोललात भाऊ,” शेजारचे सहदेव म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि अमेरिकेत शिकणाऱ्या त्या शहाण्या मुलाने मुलुंडच्या बापाचा सल्ला शिरसावंद्य मानला. त्या वर्षी विवरण दिलं नाही, पुढच्याही वर्षी नाही.

मग १९८६ साल उजाडलं. द्रौपदीबाईंच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन ठरलं. मुलाचा फोन आला तेव्हा त्या माझ्यात ओरडून म्हणाल्या, “मी खुशाल हाय रं बाळा!” ऑपरेशनचं नावही काढलं नाही.

रतनला राहवलं नाही. पुढच्या खेपेस तिने धावत येऊन आधी मला उचललं. “दादा, आईचं ऑपरेशन आहे. तू ये ना.”

चंद्रप्रकाश म्हणाला, “रतन, मला येता येत नाही गं. सुट्टीत घरी यायचं ठरवलं होतं. इथल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसात सांगितलं, देश सोडण्याआधी करखात्याचा दाखला आण. तिथे गेलो तर मागची विवरणं मागितली. शिकतोय तोवर सुरुवातीची काही वर्षं कराच्या हिशेबात मी परदेशीच धरला जातो. पण परदेशी विद्यार्थ्यालाही विवरण द्यावंच लागतं, कर कापला असला तरी! मी एकही दिलेलं नाही. माझी वाट लागलीय. बाबांना सांगू नको. चारचौघांत सल्ला दिलाय त्यांनी, मान खाली जाईल.”

रतनने ओठ दाबून धरले. उंबरठ्यातल्या लोकांना ऐकू गेलं ते एवढंच, “बरं दादा, नाही येत तर नाही.”

झालं! संध्याकाळपर्यंत इमारतभर बोभाटा झाला. पोरगा अमेरिकेचा झाला, आईला विसरला. द्रौपदीबाई कोणाशी बोलेनाशा झाल्या. मित्रांनो, मला दोन्हीकडचं ऐकू येतं, पण स्वतःहून एक शब्द बोलता येत नाही. तेव्हा मला माझा संताप आला होता.

ऑपरेशनच्या आदल्या रविवारी मी वाजलो. भाऊ आले, पाठोपाठ बाई, रतन आणि अख्खी इमारत.

“बाबा, सगळं खुशाल ना?”

“खुशाल-बिशाल ठेव बाजूला!” भाऊ गरजले. “आई इथं झुरती आणि तू…”

तेवढ्यात ताई उठल्या. “सहदेव, सगळे बाहेर व्हा,” असं म्हणून त्यांनी दार ओढून घेतलं. माझ्या आठवणीत ते दार फोन चालू असताना पहिल्यांदाच बंद झालं.

“आता बोल रे,” ताई माझ्याजवळ तोंड आणून म्हणाल्या.

मग तो बोलला. सगळं बोलला. भाऊंनी विचारलं, “म्हंजी माझ्यामुळं?”

“मी इथे होतो बाबा. इथल्या जाणत्या माणसाला विचारायला हवं होतं. उशीर झाल्यावर तर भीतीने आणखीच लांबवत गेलो.”

“आता लांबवू नको. मागच्या सगळ्या वर्षांची विवरणं भर. उशीर झाला तर झाला, पण भर. आता आईशी बोल,” भाऊ म्हणाले.

द्रौपदीबाईंनी मला दोन्ही हातांनी धरलं. बंद दाराकडे एकदा पाहिलं. “बाळा,” त्या हळूच म्हणाल्या, “मला लई भ्या वाटतंय रं.”

पलीकडे तो रडला. इकडे त्या रडल्या. इतक्या वर्षांत माझ्या तारेतून गेलेलं ते पहिलं मोकळं बोलणं होतं.

ऑपरेशनला तो पोचला नाही. लोकांच्या रडण्याने कागद काही लवकर पुरे होत नाहीत. तो आला तेव्हा बाई घरी आल्या होत्या, वाळून काडी झालेल्या. रतन सांगते, तो पाया पडला तेव्हा त्यांनी त्याला जवळ घेऊन आधी विचारलं, “समदी वर्सं भरलीस ना?”

त्यानंतर कोणाचाही फोन आला की ताई दार लोटून घेत. आता माझी तार कापली आहे, घंटी मुकी झाली आहे. मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसा, नका पुसू, चालेल. पण तुमच्या घरातलं कोणी दूरवरून बोलत असेल, तर आधी दार लावा. मगच विचारा, खुशाल आहेस का रे?