पाहुण्यांचा संडास

स्नेहाने दार ढकललं आणि नाक दाबून मागे सरली. मुलींच्या संडासात पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतीभर खर्ऱ्याच्या पिंका, घोंगावणाऱ्या माशा, नळ कोरडा.

आसेगावच्या मुलींचा खो-खोचा संघ सकाळीच जीपने तालुक्याच्या शाळेत स्पर्धेला आला होता. स्नेहा कप्तान. अशा ठिकाणी सोय नसते हे माहीत असल्याने पोरींनी घरून निघाल्यापासून पाण्याचा घोट घेतला नव्हता. संघातल्या इफ्राच्या पोटरीत तर गोळे यायला लागले होते.

शेजारीच नवा, फरशी बसवलेला संडास होता. त्याला कुलूप.

"तो पाव्हण्यायसाठी हाय," त्या शाळेचे मुख्याध्यापक म्हणाले. "थोडी कळ काढा. खेळाडू हाय ना तुमी?"

मंडपात संस्थेचे अध्यक्ष माईकवर सांगत होते, खेळाने शरीर निरोगी राहतं, शिस्त लागते, मुली धीट होतात. मुलं भिंतीआड जाऊन मोकळी होऊन येत होती. स्नेहाला त्या आवाजाची, त्या हारतुऱ्यांची शिसारी आली. थुंकावंसं वाटलं, पण तोंडाला कोरड पडलेली.

आठवीपर्यंत ही पोरगी हजेरीसुद्धा पुटपुटत द्यायची. आसेगावच्या खेळाच्या शिक्षिका शीला मॅडमनी तिला खो-खोच्या मैदानात बसवलं. "खो असा दे, का वेशीवर आयकू गेला पाह्यजे," म्हणून रोज ओरडायला लावलं. त्यानंतर तिचा गळा जो मोकळा झाला, तो घरीही. पुढचं शिक्षण वाशिमला घेणार, हे तिने बापाला त्याच आवाजात सांगितलं होतं.

ती समोरच्या संघाच्या कप्तानला भेटली. "आमीबी सकाळपासून दाबूनच बसलो न," ती म्हणाली. दोघींचं ठरलं.

शिट्टी वाजली. पाठलाग करणाऱ्या पोरी बसल्या होत्या, त्या बसूनच राहिल्या. खांबाजवळ उभी असलेली आणि पळणाऱ्या तिघीही मैदानात मांडी घालून बसल्या. पंचांनी पुन्हा शिट्टी फुंकली. कोणी हललं नाही.

"काय झालं? काहून बसल्या पोरी?" अध्यक्षांनी विचारलं.

स्नेहा उठली. "साहेब, आमाले संडासले जायचं हाय. तुमच्या संडासाची किल्ली द्या."

मंडपात कोणीतरी फिदीफिदी हसलं. मुख्याध्यापक तणतणत आले. "लाज नाई वाटत? एवढ्या मानसायमंदी!"

"मले नाई वाटत, सर. पोरीयचा संडास एकदा पाहून या, मंग सांगा लाज कोनाले वाटाले पाह्यजे."

"मॅडम, आवरा तुमच्या पोरी!"

शीला मॅडम स्नेहाशेजारी येऊन उभ्या राहिल्या. "पोरी बराबर बोलून राह्यल्या, सर. किल्ली द्या."

किल्ली आली. आत पांढरीशुभ्र फरशी, भरलेली बादली, नवी साबणाची वडी, खुंटीला टॉवेल. चार पाहुण्यांसाठी एवढं! त्या घाणीपेक्षा या स्वच्छतेनेच स्नेहाला जास्त मळमळलं. दोन्ही संघांच्या पोरी पाळीपाळीने जाऊन आल्या आणि सगळ्या पोटभर पाणी प्यायल्या.

सामना आसेगाव हरलं. सहभागाचं पदक देताना अध्यक्षांनी फोटोसाठी तिच्या खांद्यावर हात ठेवला. स्नेहाने खांदा काढून घेतला, पदक गळ्यात न घालता हातातच घेतलं आणि मंडपातून बाहेर पडली.

शिपाई पुन्हा कुलूप लावत होता.

"काका, कबड्डीच्या पोरी अजून बाकी हाय," असं म्हणत तिने कुलूप त्याच्या हातातून काढून घेतलं. जीप आसेगावच्या वाटेला लागल्यावर तिने ते कुलूप पुलावरून नाल्यात फेकलं आणि हात ओढणीला खसाखसा पुसले.