जागेवरून कोण उठलं?

फायनल हरल्यावर त्या संध्याकाळी सगळ्या शहराच्या तोंडाला कुलूप लागलं. गॅसवरचं दूध उतू जायला धजेना, भटकी कुत्री भुंकायचं ते एकमेकांच्या कानात भुंकून घेऊ लागली, आणि चौकातल्या घड्याळाने टोले दिले तेसुद्धा दबकत, कुणाच्या डोक्यात जाऊ नयेत म्हणून.

किल्लीमास्तर टीव्हीसमोर तसाच बसून होता. उजव्या पायात बूट, डावा पाय उघडा. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं चाव्या बनवायचं दुकान होतं. शहरात असं एकही कुलूप नव्हतं, जे त्याला पाहून सैल पडत नसे. लोक म्हणत, हा नुसता खाकरला तरी तिजोऱ्या उघडतात. पण संघाच्या नशिबाचं कुलूप काही त्याच्या बापालाही उघडता आलं नव्हतं. बाप, संघ कधीतरी फायनलला जाईल या आशेवर जगत जगत मेला. त्याच आशेवर मुलाचे केस पिकले, आणि यंदा संघ गेला एकदाचा.

कसा गेला, हे फक्त किल्लीमास्तरला ठाऊक होतं. कोचला वाटत होतं, आपण नेला. बिचारा!

त्याचं असं झालं. एका मॅचच्या वेळी मास्तर बूट घालत होता. एक घालून झाला, आणि गोल. दुसरा त्याने घातलाच नाही, संघ जिंकला. पुढच्या मॅचला बायको भिंतीकडे तोंड करून स्टुलावर कपड्यांच्या घड्या घालत होती, तेव्हा गोल. तिने मान वळवून "काय झालं हो?" विचारलं आणि समोरच्यांनी लगेच फेडला. तेव्हापासून मॅचभर बायकोच्या नशिबी भिंत. आणि सेमीफायनलला आई पांघरूण आणायला अडगळीच्या खोलीत गेली, तर कडी अडकून आतच राहिली. "अरे, दार उघड रे," असं ती म्हणते न म्हणते, तोच गोल! दारापर्यंत गेलेला मास्तर तिथूनच मागे फिरला.

"आई, जरा बस तिथेच. बरी आहेस ना?"

"बरी आहे रे, पण..."

दुसरा गोल. झालं! आता विज्ञान विज्ञान म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

म्हणून फायनलला सगळे आपापल्या जागेवर. अडगळीच्या खोलीत आईसाठी खुर्ची, उशी, पाण्याची बाटली. म्हातारी हसतच आत गेली. "जिंकलात तर आधी मला सोडा हो. नाहीतर नाचाल आणि मला विसराल." मास्तरने कडी घातली, आणि हाताची सवय म्हणून कुलूपही घातलं. चावी बायकोच्या डोळ्यांसमोरच्या खिळ्याला अडकवली. बायकोने तेवढं विचारलं, "अहो, त्यांना मधे जायला लागलं तर?"

"मॅच केवढी असते? एवढी कळ काढतंच माणूस."

आणि संघाने पहिल्याच अर्ध्यात गोल केला! मग पुढे सगळं ठीक चाललं होतं. मध्यंतर झालं, खेळ पुन्हा सुरू झाला. आतून दोनदा हाक आली, तेव्हा मास्तरने टीव्हीचा आवाज वाढवला. मग हाक आली नाही. आता शिट्टी होणार, आता होणार, म्हणून लोक रस्त्यावर फटाके मांडून बसलेले, आणि एक साधा, गरीब, लहान पोरानेही पोटाशी धरला असता असा चेंडू गोलकीपरच्या हातातून निसटला. गोलकीपरला सगळे डिंक्या म्हणत, कारण चेंडू त्याच्या हाताला डिंकासारखा चिकटे. त्या दिवशी डिंक वाळला होता. पाठोपाठ दुसराही निसटला. मग शिट्टी झाली.

मास्तर किती वेळ बसला होता, त्यालाच कळलं नाही. भानावर आला तेव्हा स्टूल रिकामं होतं. तो उठून मागे गेला. अडगळीच्या खोलीचं दार सताड उघडं, आतली फरशी पुसून ओली केलेली, आणि स्वयंपाकघरात आई धुतलेले कपडे घालून बसलेली. बायको तिला चहा देत होती.

"आई," मास्तर हळू आवाजात म्हणाला, "तू बाहेर कधी आलीस?"

आईने सुनेकडे पाहिलं. सुनेने चहाकडे.

"मघाशी," आई म्हणाली. "मी... बाथरूमला गेले होते रे."

"मघाशी म्हणजे? मॅच संपल्यावर?"

 मान खाली घालून म्हातारी म्हणाली, "नाही. आधीच. शेवटी शेवटी."

बायकोने तोंड उघडलं होतं, पण सासूने तिच्या मनगटावर हात ठेवला आणि तिने ते मिटलं. मास्तरला दिसलं सगळं, पण त्याच्या डोक्यात हिशोब पक्का बसला होता. कुलूप उघडलं कुणी, हे विचारायचं त्या कुलपांच्या मास्तरला सुचलंच नाही. शेवटी शेवटी! म्हणजे चेंडू निसटला तेव्हाच!

मग तो जे ओरडला, ते खिडकी उघडी असल्यामुळे आणि सगळं शहर गप्प असल्यामुळे पार नाक्यापर्यंत ऐकू गेलं.

"एवढी कळ काढवली नाही तुला? बाबा या कपासाठी झुरून मेले, आणि तू त्यांचा कप मुतात वाहून टाकलास!"

गल्लीत एक खिडकी उघडली. मग दुसरी. हरलेल्या माणसाला दुःख परवडतं, पण दोषी सापडत नाही हे परवडत नाही. ही बातमी ज्या वेगाने पसरली, त्या वेगाने आपला एकही खेळाडू मोसमभर धावला नव्हता. दुसऱ्या दिवशी बेकरीवाला कपाटातल्या पावांच्या राशीसमोर उभा राहून म्हातारीला म्हणाला, "पाव संपले." शिंपीकाकांनी तिचं शिवायला टाकलेलं परत पाठवलं, तेही अर्धी शिवण उसवून. ज्या बायका तिच्याकडून लोणी कढवायचं शिकल्या, त्या तिला पाहून पोरांना म्हणू लागल्या, "बघ, बघ, त्याच त्या." मास्तरच्या दुकानात मात्र गर्दी. चावी कुणालाच नको होती, हकीकत हवी होती. मास्तर ती सांगे, आणि सांगताना दर वेळी म्हातारी दारातून जरा जास्त जोरात धावत सुटे.

आठवड्याने डिंक्या आला. कपाळाला पट्टी, एक डोळा सुजून बंद. लोकांनी त्याच्या घरावर बाटल्या फेकल्या होत्या, आणि त्याची बायको पोटुशी. एरवी दाराची चौकट ज्याला लहान पडायची, तो गडी म्हातारीसमोर लहान मुलासारखा उकिडवा बसला.

"आजी, लोक म्हणतात ते खरं आहे का? तुम्ही उठलात?"

म्हातारीने त्याच्या पट्टीकडे पाहिलं.

"हो रे बाबा. मीच उठले. तुझी काही चूक नाही."

डिंक्या ढसाढसा रडला. तिच्या पायांवर डोकं ठेवून रडला, आणि उठून बाहेर गेला तो गल्लीत ओरडतच. "कबूल केलं! म्हातारीने कबूल केलं!"

मास्तरला क्षणभर आईकडे पाहून कसंसंच झालं. ती पदराने आपल्या पायावरचे डिंक्याचे अश्रू पुसत होती. पण क्षणभरच. आयुष्यात पहिल्यांदा एका खऱ्या खेळाडूने मास्तरचं म्हणणं मान्य केलं होतं. असल्या दिवशी माणसाने आईकडे बघत बसायचं असतं का?

नवा मोसम तोंडावर आला, तेव्हा क्लबचे अध्यक्ष स्वतः घरी आले. फरश्यांचे व्यापारी. बोलताना कुठल्याही घराची फरशी बुटाने ठोकून बघायची त्यांना खोड.

"मास्तर, लोकांच्या मनात राग आहे," ते टक टक करत म्हणाले. "तो राग मैदानावर येतो, पोरांच्या पायात अडकतो. पहिल्या मॅचआधी आईंनी माईकवर माफी मागावी. एक वाक्य. विषय संपला. तुम्हाला मैदानालगतची खुर्ची, कायमची."

"आणि नाही मागितली तर?" बायकोने विचारलं.

"तर वहिनी, या गल्लीत त्यांना ठेवणं अवघड आहे. वृद्धाश्रम चांगले निघालेत हल्ली. फरशी मीच पुरवतो."

"म्हाताऱ्या बाईला भर मैदानात उभी करणार? अहो, तुम्ही तरी बोला काहीतरी!"

मास्तर बोलला. "खुर्ची सावलीतली ना?"

अध्यक्ष गेल्यावर आई दुकानात आली. मास्तर कानस घेऊन एका चावीचे दात घासत होता. ती शेजारच्या बाकावर टेकली.

"नाही नेलंस तर नाही का रे चालणार?"

"एकच वाक्य आहे, आई."

"एवढे लोक असतील."

"फायनलला त्याहून जास्त होते. तेव्हा लाज वाटली नाही ती?"

 कानशीचा आवाज थांबायची वाट पाहत ती बसून राहिली, आणि तो थांबलाच नाही तेव्हा उठून गेली.

मॅचच्या दिवशी मैदान इतकं भरलं होतं, की आत शिरलेल्या माणसाला आपला खिसा कुठला ते कळत नव्हतं. मधोमध माईक. मास्तर आईला एका हाताने धरून घेऊन गेला, दुसऱ्या बाजूने बायको. लोकांनी हुर्यो केली. कुणीतरी रिकामी बाटली भिरकावली. डिंक्या गोलच्या खांबाला टेकून उभा होता, आणि त्याच्याकडे कुणाचंही लक्ष नव्हतं, याहून मोठं सुख त्याला त्या वर्षी मिळणार नव्हतं.

"बोल," मास्तर कुजबुजला. "'माझ्यामुळे हरलो, माफ करा.' एवढंच."

म्हातारीने माईक धरला. तिचा आवाज चारी बाजूंच्या भोंग्यांतून आला तेव्हा तीच दचकली.

"माझ्यामुळे..." ती म्हणाली आणि थांबली. मग मान वर केली. ती मान इतक्या महिन्यांत मास्तरने वर झालेली पाहिली नव्हती.

"मी उठले नव्हते," ती म्हणाली.



"मला लागली होती. हाका मारल्या. मग सून दाराशी आली, चावी घेऊन. मी म्हटलं, उघडू नकोस गं. माझ्या लेकाची मॅच आहे, थोडंच राहिलंय. जा तू, बस जाऊन. ती गेली. आणि मी बसले त्याच खुर्चीत... मला आवरलं नाही. अंगावरच झालं सगळं. मॅच संपल्यावर सुनेने बाहेर काढलं, धुतलं मला, फरशी पुसली. हे काय लेकाला सांगायचं? म्हटलं, उठले होते असंच सांगू. चोर म्हटलेलं चालेल, पण हे नको. आणि मग ते पोरगं आलं डोकं फुटलेलं, तर म्हटलं, असू दे." तिने श्वास घेतला. "पण मी जागेवरून हलले नाही बाबांनो. तुम्ही तसेच हरलात."

भोंगे गप्प झाले. हजारो माणसं, पण खोकायची कुणाची हिंमत होईना. एका बाईने डोळ्याला रुमाल लावला. अध्यक्ष पायाने जमीन ठोकत होते, पण तिथे गवत होतं, आवाज आला नाही. आता सगळे किल्लीमास्तरकडे पाहत होते. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. हा आता आईच्या पायांवर कोसळणार, असं पुढच्या रांगेतल्या लोकांनी एकमेकांना सांगितलंसुद्धा.

मास्तर सावकाश बायकोकडे वळला.

"म्हणजे," तो म्हणाला, आणि माईक चालूच होता, "जागेवरून तू उठलीस!"

हजारो मानांनी बायकोकडे वळायला क्षणही लागला नाही. कुठूनतरी पहिली शीळ आली. डिंक्याने खांब सोडला आणि नीट बघायला दोन पावलं पुढे आला.

बायको मात्र हसली. लग्नानंतर मास्तरने तिला इतकं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं.

"हो, उठले," ती म्हणाली. "आणि आता पुन्हा उठते. चला, आई."

"कुठे गं?"

"माझ्या भावाकडे. त्यांच्याकडे टीव्ही नाही."

म्हातारीने लेकाच्या हातातला आपला हात सोडवून घेतला. जोर लावावा लागला नाही. सासू-सुना मैदान ओलांडून हळूहळू निघाल्या. वरून सालं पडली, शिव्या पडल्या, पण दोघींनी चाल बदलली नाही. त्या फाटकाशी पोचल्या तेव्हा मास्तरने एक पाऊल टाकलं त्यांच्या मागे, हे खोटं कशाला म्हणावं? टाकलं होतं. पण तेवढ्यात पंचाने घड्याळ पाहिलं आणि शिट्टी वाजवली. मास्तर टाकलेल्या पावलावरच थांबला, मग मागे येऊन सावलीतल्या खुर्चीत बसला.

आणि काय सांगावं! तिकडे दोघी फाटकाबाहेर पडल्या, आणि इकडे संघाने गोल केला. पहिल्याच मिनिटाला! मैदान फुटल्यासारखं उसळलं. माणसं अनोळखी माणसांच्या गळ्यात पडली.

किल्लीमास्तर उठला. गर्दीतून वाट काढत, कोपरांनी माणसं बाजूला सारत तो फाटकाकडे धावला. लोकांनी आपणहून रस्ता दिला. असा धावणारा माणूस आईला आणायलाच धावतो, हे कुणालाही कळतं.

फाटकाशी राखणदार उभा होता. रस्त्यावर त्या दोघी अजून दिसत होत्या. म्हातारी क्षणभर थांबली होती, मागे वळून पाहत होती.

"फाटक लाव!" मास्तर धापा टाकत ओरडला. "त्या दोघींना आत घ्यायचं नाही. रडल्या तरी नाही, पाया पडल्या तरी नाही. मोसम संपेपर्यंत!"

राखणदार त्याच्याकडे बघतच राहिला. "अहो, आई ना ती तुमची?"

"म्हणून तर!" मास्तर अभिमानाने म्हणाला. "ऐऱ्यागैऱ्याच्या आईला हे जमलं असतं का?"