जयराममामाच्या मांगरातले कॉम्प्युटर

अश्विनीला एव्हाना फोनच्या आवाजाचीच चीड येऊ लागली होती. जाहिरातीत तिनं सरळ लिहिलं होतं, की अगदी सुरुवातीच्या काळातले जुने कॉम्प्युटर एकगठ्ठा विकायचे आहेत, संग्रह करणाऱ्यांनी चौकशी करावी. तरी फोनवरचा माणूस विचारायचा, "यावर फेसबुक चालतं का?" दुसरा विचारायचा, "शेवटचं किती घेणार?" आणि तिनं अजून पहिलंही सांगितलेलं नसायचं. एक भंगारवाला तर रोज सकाळी चहाच्या वेळेला न चुकता फोन करून किलोचा भाव सांगायचा, जणू ती दारात कांदे घेऊन बसली होती.

खाणी चालू होत्या तोवर अश्विनी डिचोलीजवळच्या एका खाण कंपनीच्या कचेरीत नोकरीला होती. मग खाणी बंद झाल्या. कचेरीला कुलूप लागलं आणि तिच्या नवऱ्याचा, गुरुदासचा, ट्रक शिरगावात घरासमोर जो उभा राहिला तो तसाच राहिला. कंपनीनं कचेरी रिकामी करायला काढली तेव्हा मागच्या खोलीतला जुन्या कॉम्प्युटरांचा ढीग कोणालाच नको होता. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटवणारी ती अवजड मशिनं. अशा वस्तूंचे शौकीन असतात, सिनेमावाले त्या शोधत फिरतात, हे अश्विनीनं वाचलं होतं. तिनं अख्खा ढीग उचलला.

"लोक म्हशी घेतात, रिक्षा घेतात," गुरुदास म्हणाला. "तू हे घेतलंस!"

पण ट्रक त्यानंच काढला. शिरगावच्या घरात जागा नव्हती, म्हणून माल गेला पार्श्याला, अश्विनीच्या जयराममामाकडे. मामाच्या काजूच्या बागेत एक ऐसपैस मांगर होता. मोसमात त्यात काजूचा रस गाळायची भांडी असत, एरवी तो रिकामाच असे. मामा एकटा राहायचा. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. भाचीचा माल म्हटल्यावर त्यानं मांगर स्वतः शेणानं सारवून ठेवला.

माल टाकून आठवडा झाला नसेल, अश्विनी स्कूटरवरून पार्श्याला गेली, तर मामा दारात हसत उभा.

"इलंस? बघ, सगळा नीट लावन ठेवलंय."

आत पाऊल टाकताच तिला दरदरून घाम फुटला. मामानं सगळे कीबोर्ड एका कोपऱ्यात रचले होते, सगळे पडदे दुसऱ्या कोपऱ्यात, मधली खोकी तिसऱ्या. वायरी सोडवून, गुंडाळून, सुंभानं बांधून खुंटीला टांगल्या होत्या. कुठल्या मशिनाचा कुठला कीबोर्ड, हे आता देव जाणे.

"मामा, त्यांचे जोड होते रे! ज्याचो त्याकाच लागता!"

"आता माका काय ठावक? आमी भातात भात ठेवतंव, नाचण्यात नाचणे."

त्याच्यावर ओरडावं तर त्याचा चेहरा असा, जणू भाची शाबासकी द्यायचीच विसरली होती. अश्विनीनं कपाळावर हात मारला आणि जमिनीवर बसकण मारली.

पुढचे कितीतरी दिवस घरचा स्वयंपाक आटोपून ती पार्श्याला जात राहिली. एकेक पडदा, एकेक कीबोर्ड लावून बघायचं, नाही जमलं की काढायचं. काही मशिनं गुरगुरून गप्प व्हायची, एकातून धूर आला. मामा शेजारी कदेल, म्हणजे खुर्ची, घेऊन बसायचा आणि दर थोड्या वेळानं म्हणायचा, "ह्या काय चलाचा नाय." याचा जास्त ताप व्हायचा की मशिनांचा, हे तिला ठरवता येईना.

आणि एक दिवस एक मशीन टुंग करून जागं झालं. पडद्यावर अक्षरं आली ती मराठी. कचेरीत कामगारांसाठीच्या सूचना मराठीतून काढायचे, त्यासाठी या एका मशिनात देवनागरी अक्षरांचं वेगळं कार्ड बसवलेलं होतं. अश्विनीनं गंमत म्हणून "जयराम" अशी अक्षरं दाबली. मामा कदेलावरून उठला, पडद्याजवळ गेला आणि आपलं हिरवं नाव बघत राहिला.

मामा नाटकं लिहायचा. पार्श्याच्या देवळातल्या उत्सवात गावच्या मंडळींनी त्याची किती नाटकं केली याचा हिशेब नव्हता. पण अलीकडे त्याचा हात कापायला लागला होता. लिहिलेलं त्याचं त्यालाच लागत नसे. किल्लेदाराचं एक नाटक डोक्यात घेऊन तो दोन वर्षं नुसता फिरत होता.

"गो, माका लिवक येयत ह्येच्यार?"

तिथं ती नाही म्हणाली असती तर पुढचं काहीच झालं नसतं. पण मामाचा कापरा हात कळीवर पडला आणि पडद्यावर अक्षर आलं ते ताठ, सरळ, जरासुद्धा न हललेलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलेलं बघून ती विरघळली. त्याला शिकवलं, मजकूर जपून ठेवायची कळ दाखवली आणि मशीन मांगरातून उचलून त्याच्या घरात जनेलाजवळच्या, म्हणजे खिडकीजवळच्या मेजावर नेऊन मांडलं.

मग ते फोन सुरू झाले. ती शिरगावात भाकरी थापत असायची आणि मामाचा फोन. "गो, 'क्ष' खंय आसा?" आंघोळीला निघाली की फोन. "'ज्ञ' गावणा नाय." बँकेच्या रांगेत फोन. "किल्लेदाराची बायल रडता, थंय उद्गारचिन्ह व्हया, ता खंय?"

"मामा, तू तिका जरा उशिरान रडव!" ती एकदा रांगेतच ओरडली. सगळी रांग वळून बघू लागली.

याच दिवसांत पुण्याहून तुषार आला. जुने कॉम्प्युटर जमवायचे, नाटकसिनेमावाल्यांना भाड्यानं द्यायचे, पुढे विकायचे, हाच त्याचा धंदा. जवळच मांद्र्याला खोली घेऊन राहिला होता. अर्धी चड्डी घालून मांगरात शिरला आणि एकेका मशिनाचे फोटो काढत सुटला. बटणं दाबून बघितली, वास घेतला, पाठीमागचे स्क्रू मोजले. अश्विनी पदर खोचून उभी होती.

"तुम्ही ही पुसलीत का?" त्यानं विचारलं.

"पुसली म्हणजे काय, घासली! मातीनं भरली होती."

"अरेरे. पुसायची नसतात हो. खाणीची लाल धूळ असती तर मजा होती."

चार दिवस ब्रश घेऊन घासलेले ते डबे तिच्या डोळ्यांसमोर उभे राहिले. 

निघताना तो पाणी प्यायला मामाच्या घरात शिरला आणि जनेलाजवळचं मशीन बघून जागच्या जागी थांबला. "हे मराठी कार्डवालं आहे? चालू?" त्यानं घाईघाईनं बाहेर येऊन सांगितलं, "मला एवढं एकच द्या. बाकीचं राहू दे."

"ते सोडून सगळं घ्या," अश्विनी म्हणाली. "ते माझ्या मामाचं आहे."

"बाकीचं मला कुठंही मिळतं."

"मग कुठंही जा."

तो हसला. "मी परवापर्यंत मांद्र्यात आहे. विचार करा."

तिनं मामाला बजावलं, मी येईपर्यंत कोणाला काही द्यायचं नाही. मामानं मान डोलावली. दुसरा दिवस तिचा घरातच गेला, आणि घरातली सगळी कामं करताना ती मनातल्या मनात तुषारशी भांडत होती. शेवटी तिनं ठरवलं, भाव थोडा खाली आणायचा, पण मामाचं मशीन सोडून सगळा माल त्याच्या गळ्यात घालायचाच. तिसऱ्या दिवशी ती पार्श्याला पोचली तेव्हा दुपार कलली होती. मामा बाहेर बलकांवावर, दारापुढच्या ओट्यावर, पान लावत बसला होता.

"तो पोरगो येवन गेलो," तो म्हणाला. "बरो आसा हां. सुंगटांची कढी दोनदा घेतल्यान. खोका मागल्यान, दिलंय."

"कसला खोका?"

"मेजावरचा. वर थोडी फेणीय दिलंय, घरची. पैशे देय होतो, पण घरात जेवलेल्या पावण्याकडसून काय पैशे घेवचे?"

अश्विनी आत धावली. मेजावर नुसता पडदा होता आणि त्यापुढे कीबोर्ड. मधलं मशीन गेलेलं.

"मामा! मी काय सांगून गेल्लंय तुका? आणि तुझा नाटक?"

"ता हय आसा मगो." मामानं पडद्यावर थोपटलं. "ह्या मी देवक नाय. खुळो नाय मी. खोका व्हरू दी, नाटक टीव्हीत आसा."

 राग इतका आला होता की त्याला वाटच सापडेना. मग एका दमात तिनं सगळं ऐकवलं. पडदा म्हणजे नुसती काच, लिहिलेलं सगळं त्या खोक्यात, आणि ते खोकं आता गाडीत बसून पुण्याला चाललंय. लॉट विकायला तेवढं एकच हुकमाचं पान होतं हातात, तेही गेलं, आणि तेसुद्धा फुकट, कढीभातासकट!

मामानं पडद्याचं बटण दाबलं. पडदा काळाच राहिला. त्यानं पुन्हा दाबलं.

"दोनय अंक?" त्यानं हळूच विचारलं.

"दोनय अंक."

तो कदेलावर बसला. कापरा हात त्यानं दुसऱ्या हातानं धरून ठेवला. अश्विनीला वाटलं, आपण जरा कमी ओरडायला हवं होतं. आणि लगेच वाटलं, का म्हणून?

तेवढ्यात तिचा फोन वाजला. तुषार होता, आवाज रडवेला. गोव्याच्या हद्दीवरच्या नाक्यावर त्याची गाडी अडवली होती. डिकीत परवान्याशिवाय फेणीचा कॅन सापडला, म्हणून त्यांनी सगळी गाडी उपसली, त्यात हे मशीन निघालं, आणि आता ते त्याचं बिल मागत होते.

"तुम्ही जरा येऊन सांगा ना, की मी चोरलेलं नाही."

"येते," अश्विनी म्हणाली. फोन ठेवून तिनं स्कूटरच्या डिकीत पावतीपुस्तक आहे का ते बघितलं. मामा न विचारता मागच्या सीटवर येऊन बसला होता.

नाक्यावर तुषार झाडाखाली घाम पुसत उभा होता. कॅन आधीच जप्त झाला होता, त्याचा दंडही त्यानं भरला होता. टेबलामागचे साहेब शांतपणे म्हणाले, "बाई, मशीन तुमचं असेल तर बिल करून द्या, आणि याला घेऊन जाऊ द्या. आम्हाला ते ठेवून काय करायचंय?"

अश्विनीनं पावतीपुस्तक उघडलं आणि तुषारकडे बघितलं. "बिल पुऱ्या लॉटचं होईल."

"अहो, पण मला एकच..."

"एकाचं बिल मी करत नाही. नको असेल तर मशीन माझं मला परत द्या. माझ्या मामानं ते न विचारता दिलंय."

तुषारनं मामाकडे बघितलं. मामा आभाळाकडे बघत होता. तुषारनं मशीनकडे बघितलं, जणू कोणी त्याच्या कडेवरचं मूल मागत होतं. "तुम्ही फार कडक आहात हो," तो म्हणाला. मग म्हणाला, "टेंपो पाठवतो."

"आणि आतलं नाटक मामाला परत हवंय. पुण्याला पोचल्या पोचल्या. तोवर त्यातलं काही पुसायचं नाही."

"मी काहीच पुसत नसतो," तुषार म्हणाला, आणि ते मात्र खरं होतं.

टेंपो आला, माल गेला, मांगर रिकामा झाला. घासलेले डबे, सुंभात बांधलेल्या वायरी, सगळं. गुरुदासनं त्या दिवशी आपणहून चहा केला. एवढं झाल्यावर कोणालाही वाटेल, की अश्विनीनं सुटकेचा निःश्वास टाकला असेल. पण नाटक यायचं होतं. तुषारनं ते पाठवलं आणि तिनं उघडलं, तर पडदाभर नुसती किड्यामुंग्यांसारखी चिन्हं. त्या काळातली अक्षरं आताच्या मशिनांना कळत नाहीत, असं तुषार म्हणाला. त्यानं दुसऱ्यांदा पाठवलं, त्यात सगळे काने-मात्रे पळून गेले होते. मामा रोज फोन करून विचारायचा, "इला?" शेवटी तुषारनं मशीन चालू केलं आणि एकेका पानाचा फोनवर फोटो काढून पाठवायला सुरुवात केली. दिवसभर अश्विनीचा फोन टुणटुणत राहिला. या वेळी मात्र तिला त्याची चीड आली नाही.

रविवारी सकाळी ती पार्श्याला गेली. मामाला फोनवरची बारीक अक्षरं दिसेनात, म्हणून तीच वाचायला बसली. हिरवी अक्षरं, काळा पडदा, मधूनच तुषारच्या अंगठ्याची सावली. मामा डोळे मिटून ऐकत होता. सुरुवातीला ती बाजारातली यादी वाचावी तसं भराभर वाचत होती. पुढे कुठेतरी तिचा वेग आपोआप कमी झाला. वेढा पडलेल्या किल्ल्यात किल्लेदाराची बायको नवऱ्याला विचारते, की तुम्ही दरवाजा कोणासाठी बंद ठेवलाय, बाहेरच्यांसाठी की माझ्यासाठी, आणि तिथं अश्विनीला दोनदा थांबून पाणी प्यावं लागलं. चुलीवरचा भात करपल्याचा वास दोघांनाही उशिरा आला.

दुसरा अंक संपला. तिनं फोन खाली ठेवला आणि मामाकडे बघितलं. तो काय म्हणेल याची तिला खरोखरच धाकधूक वाटत होती.

मामानं डोळे उघडले. "पयलो अंक बरो नाय," तो म्हणाला. "परत लिवक व्हयो."

"परत? मामा, ह्याच्यासाठी मी नाक्यार जावन..."

"तुझ्याकडे तो चपटो आसा मगो, मांडयेर ठेवतत तो?"

"तो माझो लॅपटॉप. त्येका हात लावचो नाय. 'क्ष' खंय म्हणून परत माका फोन इलो ना..."

"मगे तूच टाइप कर," मामा समजूतदारपणे म्हणाला. "मी सांगतंय."

अश्विनी उठली, करपलेलं भाताचं पातेलं उतरवून बाहेर आपटलं, पदराला हात पुसले. मग स्कूटरच्या डिकीतून लॅपटॉप काढून आणला आणि जनेलाजवळच्या मेजावर आपटूनच उघडला.

"सांग," ती म्हणाली. "पण सावकाश सांग. आणि ती बायल पयल्याच पानार रडाक लागली तर मी उठून जातलंय."